बॅटरीचा उन्हाळा

डाइव्ह कॉम्प्युटरच्या, म्हणजे स्कूबा डायव्हरच्या मनगटावरच्या यंत्राच्या, पुस्तिकेत बॅटरीचं आयुष्य तासांत दिलेलं असतं. पाण्याखाली इतके तास, किंवा वर्षाकाठी अमुक इतके डाइव्ह धरले तर इतकी वर्षं. आकडा खोटा नसतो, पण तो कोणाच्या घरात मोजला हे पाहायला हवं. जो माणूस आठवड्याला एकदा पाण्यात उतरतो आणि ज्याच्या घरी बारा महिने वीस-पंचवीस अंश तापमान असतं, त्याचं गणित त्या आकड्याशी जुळतं. मी अमळनेरला राहते. इथून समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ वर. माझा डाइव्ह कॉम्प्युटर वर्षातला बहुतेक काळ कपाटात असतो. त्याची बॅटरी तिथे, त्या अंधारात आणि त्या उकाड्यात काय करत असते, या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोहायला शिकले ती आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून, जशी खानदेशातली बहुतेक पोरं शिकतात. स्कूबा शिकले तारकर्लीला, एमटीडीसीच्या केंद्रात. परत आल्यावर मोठ्या मायने माझ्या मनगटावरचं ते जाडजूड यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "पानीमाबी घड्याय लागस का वं?" लागतं, मोठी माय. आणि वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात लहान काम आहे.

खोल पाण्यात आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो. दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट. त्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस कायमचा अधू होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्ये यावरचा पहिला नीट हिशेब मांडला. त्याने शरीर पाच काल्पनिक कप्प्यांत वाटलं, काही पटकन भरणारे, काही सावकाश. पुढे झुरिकच्या बुलमान या डॉक्टरने ते सोळा केले. त्यातला सर्वांत चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत आळशी कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात. आज बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटर याच घराण्यातली गणितं दर काही सेकंदांनी करतात आणि आणखी किती मिनिटं या खोलीवर थांबता येईल ते दाखवतात. वर आल्यावरही तो मोजतच असतो, कारण आळशी कप्पे रिकामे व्हायला वेळ लागतो. म्हणून त्याची बॅटरी संपणं ही मोबाइल बंद पडण्यासारखी गोष्ट नाही. शरीरात काय साठलं आहे याची नोंद त्या एका सेलच्या जिवावर चाललेली असते.

वायरलेस कॉम्प्युटरमध्ये बॅटऱ्या दोन असतात, आणि नवखे डायव्हर नेमकी दुसरी विसरतात. एक मनगटावर. दुसरी पाठीवरच्या सिलिंडरजवळ. सिलिंडरमधल्या हवेचा दाब श्वासाजोगा करणारं उपकरण म्हणजे रेग्युलेटर. त्याच्या सिलिंडरकडच्या भागात, म्हणजे फर्स्ट स्टेजमध्ये, पूर्ण दाबाचं एक भोक असतं, हाय प्रेशर पोर्ट. त्यात आटे देऊन बसवलेल्या ट्रान्समीटरमध्ये ही दुसरी बॅटरी असते. सिलिंडरमध्ये सुरुवातीला २०० बारच्या आसपास दाब असतो. ट्रान्समीटर तो मोजतो आणि दर काही सेकंदांनी मनगटाकडे पाठवतो. म्हणजे किती हवा उरली ते नळीच्या टोकाचा गेज ओढून बघायची गरज नाही, ते मनगटावरच दिसतं.

पाण्यातून हे पाठवणं सोपं नाही. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात आणि खारं पाणी त्या काही सेंटिमीटरमध्ये गिळून टाकतं. म्हणून बहुतेक ट्रान्समीटर फार खालच्या, काही किलोहर्ट्झ ते काही दहा किलोहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांचा पल्ला मीटर-दीड मीटरचा, सिलिंडरपासून मनगटापर्यंत पुरेल एवढाच. गार्मिनसारख्या काही कंपन्यांनी रेडिओ सोडून ध्वनीचा मार्ग धरला. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो आणि दूरवर पोचतो, त्यामुळे सोबत्याच्या सिलिंडरचा दाबही वाचता येतो. मार्ग कुठलाही असो, प्रत्येक संदेशाच्या क्षणी ट्रान्समीटर बॅटरीकडून एक छोटा पण जोरकस झटका मागतो. मधल्या सेकंदांत तो जवळजवळ झोपलेला असतो. या झटक्यातच बॅटरीची खरी परीक्षा आहे.

हे मी वर्गात शेतीपंपाच्या लाइनवरून समजावते. आमच्याकडे शेतीला वीज पाळीपाळीने येते, बऱ्याचदा रात्री. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि खळ्यातला बल्ब पिवळा पडतो. डीपीवर वीज असते, पण लांबच्या तारेतून एकदम जास्त प्रवाह ओढला की टोकाला व्होल्टेज उरत नाही. आबांना हे कुठल्याही फिजिक्सशिवाय ठाऊक आहे, म्हणून ते मोटार शेजाऱ्यांच्या नंतर पाच-दहा मिनिटांनी लावतात. बॅटरीच्या पोटातही अशीच एक तार असते, तिला आम्ही अंतर्गत रोध म्हणतो. नव्या नाणेवजा सेलमध्ये तो दहा-वीस ओहमच्या घरात असतो, आणि सेल वापरला गेला, जुना झाला किंवा गार पडला की वाढत जातो. शांत बसलेल्या कॉम्प्युटरला असा सेल तीन व्होल्ट दाखवतो. ट्रान्समीटरने झटका मागितला, किंवा तुम्ही पाण्यात बॅकलाइट लावला, की व्होल्टेज क्षणभर ढासळतं.

म्हणून घरी मल्टिमीटर लावून "तीन व्होल्ट आहे, चांगली आहे" म्हणणं पुरेसं नाही. हा लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचा सेल. सीआर २०३२ मधला सी म्हणजे तेच रसायन, आर म्हणजे गोल आकार. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा स्वभाव असा, की आयुष्याचा मोठा भाग तो तीन व्होल्टच्या आसपास सपाट चालतो आणि शेवटी एकदम घसरतो. टॉर्चचा जुना कोरडा सेल हळूहळू मंद होत जातो, हा होत नाही. त्यामुळे पडद्यावर बॅटरीच्या दोन-तीन कांड्या दिसतात तो अंदाजच असतो. सपाट रस्त्यावर चालताना किती अंतर आलो ते पायांना कळत नाही, तशीच कॉम्प्युटरची अवस्था असते. घरी भरलेली दिसणारी बॅटरी पंचवीस मीटरवर कमी असल्याचा इशारा देते, तेव्हा ती पाण्यात अचानक संपलेली नसते. तिथे तिच्याकडून पहिल्यांदा खरोखर काही मागितलेलं असतं. ट्रान्समीटरची बॅटरी थकली की आधी संदेश अधूनमधून हुकायला लागतात. दाबाच्या जागी रेघा दिसतात, मग परत आकडा येतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश जवळ असला किंवा ट्रान्समीटर एका बाजूला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या मनगटावर असला तरी असं होतं, म्हणून एकदा हुकलं तर घाबरायचं कारण नाही. पण प्रत्येक डाइव्हला हुकत असेल तर मी सेल बदलते.

आता कपाट. समजा, बंद दिसणारा कॉम्प्युटर घड्याळ आणि पाण्याची चाहूल यांसाठी दहा मायक्रोअँपिअर खातो. नगण्य वाटतं. पण वर्षात ८७६० तास असतात. गुणाकार केला तर वर्षाला जवळजवळ ८८ मिलिअँपिअर-अवर. सीआर २०३२ ची पूर्ण क्षमता साधारण २२० च्या आसपास, म्हणजे एकदाही पाण्यात न उतरता चाळीस टक्के गेली. आता समजा, पाण्याखाली तो दोन मिलिअँपिअर खातो आणि वर्षभरात आपण वीस तास पाण्यात राहिलो. ते होतात चाळीस. माझ्यासारख्या, वर्षातून एखाद-दोनदा कोकण गाठणाऱ्या डायव्हरच्या हिशेबात कपाटाचा खर्च समुद्राच्या दुपटीहून जास्त आहे. प्रत्येक कॉम्प्युटरचे आकडे वेगळे असतील, पण हा हिशेब आपल्या यंत्राचे आकडे घालून प्रत्येकाने एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. पुस्तिकेतल्या तासांचा अर्थ त्यानंतरच लागतो.

यात उष्णता मिळवा. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम सांगतो, तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पंचवीसचे पंचेचाळीस झाले तर चौपट. लिथियमचे हे न-चार्ज होणारे सेल साध्या खोलीत ठेवले तर वर्षाला एखादाच टक्का आपणहून गमावतात. चौपट झाले तरी चार. मग उन्हाळ्याचा एवढा धसका कशाला? मला बरेच दिवस हेच कोडं होतं. उत्तर पुन्हा त्या आतल्या तारेत आहे. उष्णतेने सेलमधला द्राव कडेच्या सीलमधून अगदी सावकाश बाहेर झिरपतो, आत नको ती पुटं चढतात आणि अंतर्गत रोध वाढतो. विजेचा साठा शिल्लक असतो, पण ती बाहेर यायची वाट अरुंद होते. उन्हाळा काढलेला सेल मल्टिमीटरवर निरोगी दिसतो आणि झटक्याला बसकण मारतो, तो यामुळे.

३.६ व्होल्टचे लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल तर या बाबतीत फार हट्टी. काही डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये ते एए आकारात बसतात आणि भरपूर तास देतात. पडून राहिले की लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. तो थरच त्यांना वर्षानुवर्षं टिकवतो, पण गरम जागेत तो जाड होतो. मग पहिल्यांदा जोर मागितला की व्होल्टेज आधी खाली जातं आणि थर फुटल्यावर सावरतं. हे सावरणं किनाऱ्यावर किंवा घरी व्हायला हवं, बोटीतून उडी मारल्यानंतर नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटर सुरू करून बॅकलाइट पूर्ण लावते आणि काही मिनिटं तसाच ठेवते. ट्रान्समीटरला सिलिंडर लागतो, तो अमळनेरला मिळत नाही. त्याची तपासणी तारकर्लीला पोचल्यावर सगळ्यात आधी करते.

चार्जिंगच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांना शंभर टक्के भरून उन्हाळ्यात ठेवणं हे सर्वांत वाईट. भरलेली बॅटरी आतून ताणलेली असते, त्यात उष्णता मिळाली की तिची क्षमता जाते, आणि ती परत येत नाही. पूर्ण रिकामी ठेवली तर ती खालच्या मर्यादेपलीकडे उतरू शकते आणि आतली संरक्षक सर्किट तिला कुलूप लावते. अर्धी भरून ठेवायची, दर दोन-तीन महिन्यांनी बघायची, उतरली असेल तर पुन्हा अर्ध्यापर्यंत आणायची. प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरायची.

बहुतेक पुस्तिकांत साठवणुकीची वरची मर्यादा पन्नास अंशांच्या आसपास असते. खानदेशातल्या स्लॅबच्या घरात, वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट मे महिन्यात हाताला कढत लागतं. पत्र्याच्या खोलीबद्दल बोलायलाच नको. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तर साठ अंशांच्याही पुढे जातो. कूलरसमोर ठेवावं तर दमट वारा. फ्रिजचा सल्ला अनेक जण देतात, मला तो पटत नाही. बाहेर काढल्यावर गार यंत्रावर दव जमतं, आणि पाण्याची चाहूल लागली की सुरू व्हावं अशीच ज्याची रचना आहे, त्याला दव नको.

मग मी गावच्या घराचा विचार केला. मोठी माय अजून धाब्याच्या घरात राहते. लाकडी सऱ्या, वर काड्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती. भिंती हातभर जाड. दुपारी दोनला बाहेर डांबर वितळत असतं तेव्हा आतल्या खोलीत पाठ टेकली की झोप लागते. मी तिथल्या कोनाड्यात साधा थर्मामीटर ठेवून उन्हाळाभर नोंदी केल्या. अमळनेरच्या फ्लॅटमधलं कपाट दिवसभर तापून रात्रीही निवत नाही, कोनाडा मात्र दिवसरात्र जवळपास एकाच तापमानाला राहतो, दुपारी फ्लॅटपेक्षा कितीतरी गार. आता होळीनंतर माझा कॉम्प्युटर आणि ट्रान्समीटर हवाबंद डब्यात घालून त्या कोनाड्यात जातात, शेजारी मोठ्या मायच्या लोणच्याच्या बरण्या. जुन्या घरांचं कौतुक करताना लोक हळवे होतात. मला त्यात एक मोजता येणारी गोष्ट सापडली याचा आनंद जास्त आहे.

बॅटरी खाणाऱ्या दोन साध्या सवयी मात्र हवामानाशी संबंध नसलेल्या आहेत. पहिली ओलाव्याची. अनेक कॉम्प्युटरांना धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात, पाण्याने ते जोडले गेले की यंत्र जागं होतं. डाइव्हनंतर गोड्या पाण्याच्या बादलीत तासन्‌तास टाकून ठेवला, किंवा ओल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत भरला, तर तो परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत जागाच राहतो. धुवावा, संपर्कबिंदू मऊ कापडाने पुसावेत, वाळवावा. दुसरी दाबाची. ट्रान्समीटर दाब मिळाला की जागा होतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला पण नळ्यांतली हवा सोडली नाही, तर आत दाब राहतो आणि अनेक ट्रान्समीटर संदेश पाठवतच बसतात. पर्जचं बटण दाबून हवा पूर्ण सोडायला काही सेकंद लागतात. जेवणाच्या सुट्टीत बोटीवर रांगेत उभ्या सिलिंडरांवरचे ट्रान्समीटर असे फुकट बोलताना पाहिले की मी उठून ज्याचं त्याला सांगते.

सेल बदलण्याचं काम घड्याळाच्या दुकानात देऊ नये हे माझं ठाम मत. कारागिराच्या कौशल्याबद्दल शंका नाही, पण झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, हा इथला खरा मामला आहे. एक केस, एक वाळूचा कण त्या खोबणीत राहिला तर तीस मीटरवरचा दाब तिथून पाणी आत ढकलतो. ज्या यंत्रात सेल स्वतः बदलायची सोय दिली आहे, त्यात नवी ओ-रिंग, तिच्यावर नावापुरतं सिलिकॉन ग्रीस, चांगला उजेड आणि पंखा बंद. बाकीची यंत्रं कंपनीच्या सेवा केंद्रालाच पाठवावीत. आणि दोन डाइव्हच्या मधे सेल कधीही बदलू नये. काही कॉम्प्युटर सेल काढला की नायट्रोजनचा हिशेब विसरतात आणि तुम्हाला ताजातवाना समजून पुढच्या डाइव्हला जास्त वेळ देऊन टाकतात. शरीर विसरलेलं नसतं.

कुठला कॉम्प्युटर घ्यावा असं विद्यार्थी विचारतात, त्यातले एक-दोघं आता डाइव्हही करतात. मी सांगते, समुद्रापासून लांब राहणाऱ्याने आधी सेलचं नाव विचारावं आणि मग पडद्याचे रंग बघावेत. शिअरवॉटर कंपनीच्या पर्डिक्ससारखा कॉम्प्युटर एका एए सेलवर चालतो. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घाला, लिथियम घाला किंवा ३.६ व्होल्टचा घाला. मालवणच्या किराणा दुकानातही त्याला खाणं मिळतं. शिवाय उन्हाळ्याआधी सेल काढून ठेवता येतो, मग कपाटाचा खर्चच शून्य. अल्कलाइन असेल तर तो काढायलाच हवा, कारण गरम जागेत पडून राहिलेले अल्कलाइन सेल गळतात आणि आतले संपर्क खाऊन टाकतात. ट्रान्समीटरमध्ये बहुधा सीआर २ किंवा सीआर १२३ए लागतो. हे सेल तालुक्याच्या गावात क्वचित मिळतात आणि मिळाले तर दुकानाच्या काचेत, उन्हात, किती वर्षं पडलेले आहेत सांगता येत नाही. मी तारीख पाहून मोठ्या शहरातून आणते आणि जादाचा एक जोड जवळ ठेवते. विमानाने अंदमानला जाणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या सामानात ठेवावे लागतात, टोकं झाकून.

आणि इतकं सगळं करूनही सेल पाण्यात दगा देऊ शकतो. ट्रान्समीटरचा गेला तर कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजत राहतो, फक्त हवा किती उरली ते कळत नाही. कॉम्प्युटरच गेला तर डाइव्ह तिथे संपली. सोबत्याला खूण करायची, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा सावकाश वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि पुढचे चोवीस तास पाण्यात उतरायचं नाही. वर पोचेपर्यंतची हवा मोजायला माझ्या रेग्युलेटरच्या दुसऱ्या हाय प्रेशर पोर्टला मी जुन्या पद्धतीचा पितळी गेज लावलेला आहे. त्याच्या आत वाकवलेली चपटी नळी असते, दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. युजीन बूरदाँ या फ्रेंच इंजिनिअरने तिचं पेटंट १८४९ मध्ये घेतलं. आबांच्या फवारणी पंपावर तोच गेज आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तोच. बोटीवर कोणी कोणी म्हणतात, वायरलेस असताना ही नळी कशाला लोंबकळत ठेवतेस, पाण्यात अडकते. मी ती छातीजवळ क्लिपने अडकवते आणि डाइव्हच्या सुरुवातीला एकदा दोन्ही आकडे जुळवून पाहते.